गूळ गोडच होता

"माती! आयला, निव्वळ माती हाय ही!"

तालमीतल्या एका धिप्पाड गड्यानं तोंडातला गुळाचा खडा थुंकला आणि तो मटकन खाली बसला. गर्दीतून 'वल्लीनाथ महाराज की जय' असा गजर उठला. त्याच्यामागचा पुढं सरकला. त्यानं पाला चघळला, गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे विस्फारले आणि तोही थुंकला. पुन्हा जयजयकार. तांबसरीच्या गुऱ्हाळावर सकाळपासून हेच चाललं होतं. काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात चिपाडं धडधडत होती, आणि ज्या गुळावर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पोसलं तोच गूळ लोक मोठ्या भक्तिभावानं थुंकत होते.

मी काही हे बघायला आलो नव्हतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माधवनगरला बंद पडलेल्या मागांची एक शेड घेऊन आम्ही चौघांनी झाडपाल्यापासून औषधी अर्क काढायची खटपट सुरू केली होती. माण तालुक्यातल्या कोरडवाहू रानात सदाफुली लावायची, कारण तिला पाणी फारसं लागत नाही आणि मेंढरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्या मुळ्या वाळवून खाली कृष्णाकाठी आणायच्या, तिथं अर्क काढायचा, आणि आज ज्या मुळ्या पोत्यांनी परमुलखात जातात त्यांचं औषध उद्या सातारा-सांगलीतच तयार व्हावं, असा आमचा बेत. तांबसरीचे नानासो हे आमच्या होऊ घातलेल्या संस्थेचे अध्यक्ष. गावच्या माळावरची जागा वाळवणीच्या शेडसाठी आणि बॉयलरसाठी द्यायचा ठराव त्या दिवशी दुपारी गावसभेत व्हायचा होता. म्हणून मी सकाळच्या एस.टी.नं येऊन थडकलो होतो.

नानासोंनी मला गर्दीतून ओढून बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा मुलगा झाल्यासारखा फुलला होता.

"आलासा? बरं झालं. आता बॉयलर-बियलर काय लागत न्हाई बगा."

"म्हणजे?"

"तुमी मुळ्या उकळणार, अर्क काढणार, तपासायला मुंबैला धाडणार, तवा कुटं कळणार गुण हाय का न्हाई. चार दिस झालं म्हाराज गावात आल्यात, हितं पाला तोंडात टाकला की गुण! माळाची जागा म्हाराजांस्नीच द्यायची असं चाललंय. आश्रम बी हुईल, कारखाना बी हुईल."

"आणि औषध कोण तपासणार?"

"तपासायचं काय त्यात? अख्ख्या गावानं चव घेतलीया!"

मी महाराजांकडं नीट पाहिलं. खाटेवर वाघाचं कातडं अंथरलेलं, पण वाघ नायलॉनचा होता. कपाळाला गंध, गळ्यात वाळलेल्या वेलींच्या माळा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हिरव्यागार पानांची टोपली. आवाज मात्र खणखणीत, आणि तोंड गिरणीच्या पट्ट्यासारखं अखंड चालू.

"बाळांनो, साखर म्हणजे माया! गूळ म्हणजे मोह! ही वल्ली मला महाबळेश्वरच्या रानात खुद्द हनुमंतानं दाखवली. म्हणाला, द्रोणागिरी नेताना एक वेल इथं गळून पडली होती, ती तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. घोळवा पान, घोळवा! जिभेच्या कोपऱ्याकोपऱ्यात नाम पोचू द्या! आता गूळ टाका. काय झालं? मायेची माती झाली! जी जिभेवर झाली तीच रक्तात झाली. मग साखरेचा रोग राहील कुठं?"

हनुमंताला साऱ्या सह्याद्रीत वेल राखायला दुसरा माणूस मिळाला नाही, याचं मला वाईट वाटलं. रक्तातल्या साखरेची खरोखर माती झाली तर माणूस जगणार कसा, हेही कुणी विचारत नव्हतं. महाराजांनी वर एक नियम सांगितला. पान घेतल्यावर दिवेलागणीपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. नियम मोडला तर वल्लीचा कोप होईल.

माझा संशय सरळ गुळावर गेला. हातचलाखी करणारे भोंदू मी पुष्कळ पाहिले होते. खडा कुठून येतो ते बघायला मी पुढं झालो, तर खडे फोडत होता तात्याबा, गावचा गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे सांगावं तर तात्याबानंच, असा त्याचा पंचक्रोशीत लौकिक. नुसती जीभ लावून तो कुणाच्या मळ्यातला ऊस आहे ते ओळखत असे.

"तात्याबा, गूळ महाराजांनी आणला का?" मी हळूच विचारलं.

तात्याबा माझ्यावर असा खेकसला की चारजण वळून बघू लागले. "म्हाराजांनी? आवं, गूळ माजा हाय! काल माज्या हातानं उतरवलाय. म्हाराजांनी त्येला बोट सुदिक लावल्यालं न्हाई. आन एक सांगतो साहेब, तुमी आमास्नी तुपात फसवा, तेलात फसवा, पर गुळात फसवणारा अजून जलमाला यायचाय!"

"आणि तुम्ही स्वतः खाल्लात?"

"खाल्ला की. माती लागली." त्याचा आवाज एकदम खाली आला. "उभ्या जलमात पयल्यांदाच."

हे मात्र मला बुचकळ्यात टाकणारं होतं. गूळ गावचा, फोडणारा गावचा, खाणारे गावचे. गाव इतकं खात्रीनं फसलं होतं ते त्यामुळंच. त्यांनी गूळ उलटासुलटा करून तपासला होता. प्रत्येकानं आपापल्या घरचा खडाही आणून पाहिला होता. तपासण्यात त्यांनी कसूर केली नव्हती.

शेवटी मी स्वतः रांगेत उभा राहिलो. पान कडवट, किंचित तुरट. सांगितल्याप्रमाणं घोळवलं, आणि तात्याबानं दिलेला खडा जिभेवर ठेवला. चुलीच्या बाजूची भाजकी माती चघळावी तशी चव. गोडव्याचा मागमूस नाही. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेला माणूस. खोटं कशाला बोलू? क्षणभर हात जोडावेसे वाटले. मीही खडा थुंकला. लोकांनी थुंकलेल्या गुळाचा तिथं चिखल झाला होता आणि त्यावर काळ्या मुंग्यांची झुंबड उडाली होती. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

महाराजांच्या पायाशी भक्तांनी आपापली औषधं वाहिली होती. काढ्याच्या बाटल्या, गोळ्यांच्या पुड्या, आणि मधोमध स्टीलची एक लांबट डबी. झाकण उघडं होतं. आत काचेची सिरिंज होती.

"ती कुणाची?" मी नानासोंना विचारलं.

उत्तर दिलं ते शेजारी ताठ उभ्या असलेल्या मिशाळ गृहस्थानं. हे नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. माझा मुक्काम आणि जेवण त्यांच्याच घरी ठरलेलं होतं. "माज्या विजूची. विजयमालाची. दोन वरसं रोज सकाळी ह्या हातानं सुई दिली पोरीला. चार दिवस झालं, बंद! म्हाराजांची ऑर्डर. फुडल्या हप्त्यात कोरेगावची मानसं तिला बगायला येनार हैत. सुई घेनाऱ्या पोरीला कोन करून घेनार, साहेब? म्हाराजांनी आब्रू राखली."

दोन वर्षं रोज सुई, म्हणजे इन्शुलिन. काही आजारांत औषध चुकलं तर त्रास होतो, पण या आजारात असल्या पोरीची सुई बंद झाली तर जीव जातो, एवढं मला ठाऊक होतं.

"सुभेदार, मिरजेच्या डॉक्टरांना विचारलंत?"

"डाक्टर मानूस हाय. म्हाराज म्हाराज हैत." त्यांनी विषय संपवला आणि पुन्हा ताठ उभे राहिले.

मी तडक त्यांच्या घरची वाट धरली. घर गुऱ्हाळापासून लांब, मळ्याच्या कडेला होतं. दारात सुभेदारांच्या पत्नी लीलाबाई होत्या. डोळे सुजलेले, पण पाहुणा आला म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला, पाय धुवायला पाणी दिलं आणि मी नको नको म्हणत असताना चहा ठेवला. मी म्हटलं, आधी मुलीला बघतो. त्या म्हणाल्या, "डोळा लागलाय तिचा आत्ताच. दोन घोट घ्या, तवर मी बगते."

मी एक घोट घेतला. पिवळं कोमट पाणी. आणि माझ्या तोंडून शहरी मूर्खासारखं निघून गेलं, "वहिनी, गूळ घालायचा राहिला वाटतं?"

लीलाबाई जागच्या जागी थबकल्या. तांबसरीत पाहुण्याला फिका चहा देणं आणि त्याच्या तोंडावर दार लावणं यात फारसा फरक नाही.

"आवं दादा, ऊसाच्या गावात फिका च्या कोन देईल? चांगला ढेपंचा तुकडा घातलाय की!" त्यांनी पातेल्यात उरलेला चहा बशीत ओतून घोट घेतला. "गोडमिट्ट हाय! मीबी हाच पिते."

"तुम्ही महाराजांचं पान खाल्लंत का आज?"

"मी? न्हाई बाई. पोरीला सोडून कुटं जाऊ? मी गुऱ्हाळावर गेलेच न्हाई."

मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो. महाराज मैलभर लांब होते. मंत्र नव्हता, गजर नव्हता, हनुमंत नव्हता. या चहातल्या गुळावर कुणाची दृष्टही पडली नव्हती. एकाच पातेल्यातला चहा लीलाबाईंना गोड आणि मला फिका. म्हणजे गूळ जिथल्या तिथं होता. फरक पडला होता तो माझ्या जिभेत.

आणि मग गुऱ्हाळावरच्या त्या मुंग्या आठवल्या. लोकांनी माती म्हणून थुंकलेल्या गुळावर त्या तुटून पडल्या होत्या. मुंग्यांनी पान खाल्लं नव्हतं. दिवेलागणीपर्यंत तोंडात काही घालू नका, हा नियम का, तेही लख्ख उमगलं. कुणी घरी जाऊन भाकरीबरोबर गूळ खाल्ला असता, तर त्याला माती आणि पान न खाल्लेल्या घरच्यांना गोड लागला असता, आणि शंका आली असती. आणखी थोड्या वेळानं, पानाचा अंमल उतरल्यावर, खाल्ला असता तर गोड लागला असता, आणि मग तर बिंगच फुटलं असतं. श्रद्धेनं उपास पाळणाऱ्यांना कळायला मार्गच ठेवला नव्हता. माझ्यासारख्या नियम मोडणाऱ्या नास्तिकाला तो एका कप चहात सापडला.

"दादा," लीलाबाई हळूच म्हणाल्या, "जरा आत येतासा?"

विजयमाला भिंतीकडं तोंड करून पडली होती. एकोणीस वर्षांची पोर, पण गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, श्वास खोल आणि जोरात. उशाशी पाण्याचे दोन रिकामे तांबे. खोलीत पिकून उतरलेल्या फळासारखा वास भरला होता.

"घटाघटा पानी पिती. सकाळधरनं उलट्या चालल्यात," लीलाबाई म्हणाल्या. "मिरजेच्या डाक्टरनी बजावलं हुतं, सुई चुकवायची न्हाई, आन तोंडाला असला वास आला तर घटकाभर बी थांबायचं न्हाई. ह्यांनी म्हटलं, त्यो पानाचा सुवास हाय. आन ती बगा मोरी. पयल्यांदा आजार कळला तवा अशाच मुंग्या लागल्या हुत्या. सुई सुरू झाली आन त्या गेल्या. आता परत आल्यात."

मोरीच्या कडेनं, लघवीतून उतरणाऱ्या साखरेवर, मुंग्यांची काळी रांग लागली होती. रक्तातली साखर माती झाली असती तर त्या इथं कशाला आल्या असत्या?

"औषध आहे घरात?"

त्यांनी माठामागं ओल्या वाळूत पुरलेली बाटली काढून दाखवली. "ही मी दडवून ठिवली. पर सुई तिकडं हाय, म्हाराजांच्या पायाशी. जीप नानासोंची. आन ह्ये म्हनत्यात गावची येस वलांडायची न्हाई, म्हाराजांची ऑर्डर हाय."

"आजचं पान मुलीला दिलंत?"

"पुडी तशीच हाय. उलटी हुती म्हनून दिलं न्हाई."

"ती पुडी घ्या आणि चला माझ्याबरोबर."

शेजारणीला मुलीपाशी बसवून लीलाबाई पायांत काही न घालता निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा गुऱ्हाळावरच गावसभा भरली होती. नानासो ठराव वाचायला उभे राहिले होते. मी सुभेदारांच्या कानाशी लागून सांगितलं, मुलीची अवस्था वाईट आहे, आत्ता मिरजेला नेली पाहिजे. ते समोरच बघत राहिले. "म्हाराज म्हनले, उतार पडायच्या आदी असंच व्हतं. येस वलांडली की वल्लीचं बळ जातंय. फौजेत मी कवा ऑर्डर मोडली न्हाई, साहेब."

समजावून उपयोग नव्हता. मग मी पुढं जाऊन महाराजांना नमस्कार ठोकला.

"महाराज, ठरावाआधी एकदा चमत्कार दाखवा. माझ्यासारख्या अडाण्यासाठी."

"अवश्य, बाळा! संशयात्म्याचं कल्याण करणं हेच आमचं व्रत!"

"तात्याबा, तुमच्या हातानं एक खडा फोडा. बरोबर दोन तुकडे करा. एक तुम्ही ठेवा, एक लीलावहिनींना द्या. तात्याबांनी पान घ्यावं, वहिनींनी घेऊ नये. महाराज हवा तेवढा मंत्र म्हणतील. दोघांसाठीही."

महाराजांच्या तोंडाचा पट्टा पहिल्यांदाच अडखळला. "पान हे मंत्राचं वाहन आहे! वाहनाशिवाय..."

"तुम्ही सकाळी म्हणालात, गुळाची माती होते. खडा एकच आहे. माती झाली तर अख्ख्या खड्याची होईल, की निम्म्याची?"

गर्दीत कुणीतरी हसलं. तात्याबानं लीलाबाईंच्या पुडीतलं पान घेतलं, घोळवलं, खड्याचा अर्धा भाग जिभेवर ठेवला. चेहरा सकाळसारखाच कसनुसा झाला. "माती."

लीलाबाईंनी दुसरा अर्धा तोंडात टाकला. "गोड हाय," त्या म्हणाल्या. "तात्याबा, तुमचा गूळ हाय तसाच हाय."

सभेत कुजबूज सुरू झाली. महाराज उठले. "या बाईच्या मनात पाप आहे! म्हणून तिला माया गोड लागते!"

"बरं, मग पुण्यवंतांना विचारू," मी म्हणालो. "सकाळी तुम्ही सगळ्यांनी पान खाल्लंत. तुमच्या रक्तातली माया गेली. ती परत यायला नको ना? आता गूळ खाऊन बघा."

कुणी हलेना. "दिवेलागन व्हायची हाय," एकजण म्हणाला. वल्लीच्या कोपाची भीती प्रत्येकाच्या डोळ्यांत होती. पैलवानसुद्धा जमिनीकडं बघत होता. माझा युक्तिवाद तिथंच अडकला, आणि तिकडं ती पोर एकेक श्वास ओढत होती.

तेव्हा लीलाबाई पुढं झाल्या. भर सभेत, बापईगड्यांमधून वाट काढत त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. हातात गुळाचा खडा होता.

"सकाळी पान खाल्लंसा न्हवं? खावा ह्यो."

"लीला, आगं..."

"कोप झाला तर माज्यावर हुऊ दे. लगीन झाल्यापासनं तुमचं एक ऐकलं, आज माजं एक ऐका. खावा."

सुभेदारांनी तोंड उघडलं. तिनं खडा त्यांच्या जिभेवर ठेवला. सारी सभा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्यांनी चघळला, थांबले, पुन्हा चघळला.

"गोड हाय," ते म्हणाले.

माणसाच्या तोंडून मी हे शब्द हजारदा ऐकले असतील, पण इतक्या भयंकर आवाजात कधी ऐकले नाहीत. "गोड हाय रं! विजू... चार दिस... माजी विजू..."

लीलाबाईंनी आणखी काही ऐकायची वाट पाहिली नाही. त्या खाटेपाशी गेल्या, महाराजांच्या पायाशी ठेवलेली स्टीलची डबी उचलली, पदरानं पुसली आणि नानासोंना म्हणाल्या, "जीप काडा."

नानासोंनी ठरावाचा कागद तिथंच टाकला आणि ते जीपकडं पळत सुटले. घरून विजयमालाला घोंगडीवर उचलून घेतलेली जीप गुऱ्हाळावरून गेली तेव्हा तिला शुद्ध जेमतेम होती. सुभेदार तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वेस ओलांडताना ते मागं वळून बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही.

तोवर इकडं गुऱ्हाळावर सगळ्यांनी गुळाच्या ढेपेवर हात टाकला. "गोड हाय! आयला, गोड हाय!" असा ओरडा उठला आणि वल्लीनाथ नायलॉनच्या वाघासकट पळायच्या बेतात दिसला. पैलवानानं त्याची मानगूट धरली. लोक हात उगारून धावले. मी मध्ये पडलो. त्याला मारून मुंग्यांइतकीही अक्कल कुणाला आली नसती.

"मारू नका. त्याला विचारा, हे पान कसलं."

भोंदू गयावया करू लागला. तो पूर्वी जडीबुटीच्या एका व्यापाऱ्याकडं पाला निवडायला होता. तिथंच त्याला या वेलीची माहिती झाली. वैद्य तिला गुडमार म्हणतात. सह्याद्रीच्या उतारावर झुडपांवर चढलेली सापडते. पान चघळलं की तासाभरासाठी जिभेला गोड कळत नाही. आंबट, खारट, तिखट सगळं कळतं, फक्त गोड तेवढं कळत नाही. बस्स, एवढाच चमत्कार. बाकी सगळी बडबड. त्याला नानासोंच्या माणसांनी तालुक्याच्या फौजदाराकडं पोचवला.

तात्याबा मात्र काहिलीजवळ बसून राहिला होता. मी शेजारी बसलो तेव्हा म्हणाला, "साहेब, आमी गूळ तपासला. चिपाड तपासलं. म्हाराजांचं हात तपासलं. पर आपलीच जीब खोटं बोलंल असं कुनाच्या मनात आलं न्हाई."

"माझ्याही नव्हतं आलं. लीलावहिनींनी चहा दिला म्हणून कळलं."

मिरजेच्या दवाखान्यात विजयमालानं दोन दिवसांनी डोळे नीट उघडले. डॉक्टरांनी सुभेदारांना काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही, पण परत आल्यावर त्यांनी स्वतः कोरेगावला जाऊन सांगितलं, मुलगी सुई घेते, जन्मभर घेईल, पटत असेल तर या. पाहुणे आले नाहीत. सुभेदार म्हणाले, "बरं झालं. सुईला भिनारी मानसं विजूला कशाला?"

उन्हाळ्यात माळावर आमची शेड उभी राहू लागली. बॉयलर यायला अवकाश होता. त्याआधी आम्ही एक छोटी खोली बांधली, तपासणीची. हा नानासोंचाच हट्ट होता. एकदा तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. त्या खोलीत वल्लीनाथाचीच गुडमार आणून ठेवली. साखरेचा आजार असलेल्या काही मोठ्या माणसांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि आपलं औषध चालू ठेवून, पान खाऊन पाहिलं. त्यांची लघवी निळ्या औषधात उकळली की पान खाण्याआधी साखर दाखवणारा जसा तांबूस रंग यायचा तसाच नंतरही यायचा. वेलीत गुण असेलही. असेल तर तो कसला, किती आणि कुणाला, हे वर्षानुवर्षं खपून शोधावं लागेल. जिभेवर एक खडा ठेवून ते कळत नाही.

हे काम करायला विजयमाला येऊ लागली. एक दिवस ती माणहून आलेल्या सदाफुलीच्या मुळ्यांचं पोतं उघडून बसली होती. मी मोठ्या उत्साहानं सांगत होतो, या मुळ्यांतून रक्तदाबावरचं औषध निघतं, पानांतून तर रक्ताच्या कर्करोगावरचं, आपला भाग साऱ्या देशाला औषध पुरवेल, माणचा माळ सोन्याचा होईल.

ती शांतपणं ऐकत होती. मग म्हणाली, "सर, ह्या मुळ्यांचं औषध हुताना तुमी बगितलंय?"

"मी? नाही. वाचलंय. मोठ्या शास्त्रज्ञांनी केलंय."

"म्हंजी कुनीतरी मोट्यानं तुमास्नी सांगितलं."

मी हातातली मुळी पोत्यात टाकली.

"राग मानू नका. पर लोक तुमच्यावर विश्वास ठिवून रानात सदाफुली लावनार. मला कुनी सांगितलं, मी गप ऐकलं, आन चौथ्या दिवशी मरता मरता वाचले. तवा मी आता विचारनार. तुमच्यात आन त्या वल्लीनाथात फरक काय?"

खरं सांगतो, आधी मला रागच आला. मी शिकलेला, प्रामाणिक, या कामापायी नोकरी सोडलेला माणूस, आणि मला त्या भोंदूच्या रांगेत उभं करते! पण रागाला पुढं सरकायला जागा सापडेना. तिचा प्रश्न बिनतोड होता.

"फरक एवढाच," मी म्हणालो, "की त्याला असं विचारलं असतंस तर वल्लीचा कोप झाला असता. मला विचारलंस तर मला दाखवावं लागेल."

"मग दाखवा," ती म्हणाली, आणि मुळ्यांची एक जुडी उचलून माझ्यापुढं ठेवली.

त्या दिवशी आम्ही मुळ्या कुटल्या, भिजवल्या, अर्क काढला आणि पहिल्यांदा आमचाच दावा तपासायला बसलो. काही निघालं, काही निघालं नाही. जे निघालं नाही तेही आम्ही माणच्या शेतकऱ्यांना सांगितलं.

वाचकहो, तुमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आला तर त्याला मारायला धावू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. त्याचा गूळ तपासा, त्याचं पान तपासा, आणि तो जो नियम मोडू नका म्हणतो तो आधी मोडून बघा. आपली जीभही तपासा. आणि उद्या माझ्यासारखा कुणी कारखान्याच्या, विज्ञानाच्या गोष्टी सांगत आला तर त्यालाही विजयमालासारखं तोंडावर विचारा, दाखवा. जो खरा असेल तो दाखवायला बसेल.